तपासणारा : आर. शेख

६ जानेवारी २००३
रफीकभाईंना दौंडला पाठवलं. स्टोअरमध्ये. ज्या माणसाने मला ड्रॉइंग वाचायला शिकवलं तो आता नट-बोल्टांच्या पेट्या लावणार. ऑर्डरवर सही इनामदार साहेबांची. (यापुढे नुसतं इ.सा. डिझाईनचा हेड असला तरी त्याचं अख्खं नाव माझ्या वहीत येणार नाही.)
जाताना रफीकभाईंनी सगळ्यांशी हात मिळवला. इ.सा.शी पण. तो डाव्या हाताने फोन कानाला धरून उजवा पुढे करून मोकळा झाला, वर बघितलंही नाही.
इ.सा., तुला सोडत नाही. कसं ते माहीत नाही. पण सोडत नाही.

८ जानेवारी
नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच विसरेन आणि राग थंड होईल. तो व्हायला नको.
दौंडच्या फाउंड्रीत रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सची कास्टिंग ओतली ती जुन्या ड्रॉइंगवर. बेअरिंगच्या जागेचं माप मधे बदललं होतं. बदललं इ.सा.ने, दौंडला फोनवर सांगितलं, "नवीन प्रिंट पाठवतो." ती प्रिंट त्याच्याच टेबलावर. मी स्वतः त्यावर चहाचा कप ठेवलेला पाहिलाय. सगळा माल भंगारात. मालकांनी विचारलं तर रफीकभाईंवर ढकलून हा म्हणतो, "शेख अलीकडे बेफिकीर झालेत." मालक म्हणाले, बघून घ्या. याने बघून घेतलं.
मी बोलायला उठले होते. रफीकभाईंनी डोळ्यानेच खाली बसवलं. मी अजून ट्रेनी, पर्मनंटची ऑर्डर इ.सा.च्या शिफारशीवर. त्यांना माझी काळजी आणि मला त्यांची. इ.सा.ला कुणाचीच नाही, म्हणून तो हेड.
आज त्यांचा ड्रॉइंग बोर्ड उचलून पँट्रीत नेला. त्यावर चहाची किटली आणि कप. इ.सा. म्हणे, "चांगला सपाट आहे."

२० जानेवारी
भंगारावर मालकांनी उपाय आणला. सॉफ्टवेअर. पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ शिकवायला आलेत. डिझाईन शिरूरला, ओतकाम दौंडला, मधे ड्रॉइंगच्या प्रती फिरतात आणि कोणती नवी कोणती जुनी कुणाला कळत नाही. आता सगळी ड्रॉइंगं एका कंप्युटरात. एकच प्रत, दोन्हीकडून तीच दिसणार. कुणी काढलं, कुणी तपासलं, ओतकामाला कधी सुटलं, सगळं नावानिशी. टायवाले म्हणाले, एकदा नोंद झाली की खोडता येत नाही, मालकांनासुद्धा नाही.
इथे मी सावरून बसले.
हे सांभाळायला एक अ‍ॅडमिन हवा. कुणाचं नाव आत घालायचं, कुणाचं बंद करायचं, ते त्याच्या हातात. पण वर्षानुवर्षांची जुनी ड्रॉइंगं भरायचं कामही त्याच्याच गळ्यात, म्हणून सगळे बुटाकडे बघायला लागले. इ.सा. माझ्याकडे वळून, "वैशाली, तुमचं टायपिंग चांगलं आहे."
मेकॅनिकल डिप्लोमा, फर्स्ट क्लास. आणि टायपिंग चांगलं आहे.
हो म्हटलं. एकदम गोड आवाजात.

३ फेब्रुवारी
भरतेय. डोळे चुरचुरतात. इ.सा. मागे येऊन उभा राहिला. "काढणारा या रकान्यात सगळीकडे माझंच नाव टाका. एकसारखं दिसतं."
म्हणजे रफीकभाईंनी रात्री जागून काढलेली, रिटायर झालेल्या सातपुते मामांची, माझी स्वतःची, सगळी इ.सा.ची. सातपुते मामांची काही ड्रॉइंगं तर इ.सा. शाळेत असतानाची असतील.
आधीची मी असते तर भांडले असते. आता खुशीने टाकतेय. बरी निघतील ती तुझी, फुटतील ती पण तुझी. घे.
जेवताना आई म्हणाली, "एवढी का हसतीस गं एकटीच?" म्हटलं, कामात मन लागलंय. "लागू दे की. पर तोंड असं नको करू, चोरून दूध पिलेल्या मांजरावानी दिसतंय."

१४ फेब्रुवारी
बकरीद झाली, आज रफीकभाईंच्या घरी जाऊन आले. शमीमभाभींनी ताट भरूनच दिलं, नाही म्हणायची सोयच नाही. शिरूर-दौंड रोजची एसटी करून माणूस वाळलाय. तक्रार एका शब्दाची नाही. मला त्याचाच राग येतो.
मी म्हटलं, इ.सा.ला धडा शिकवायला पाहिजे.
"जाऊ दे गं. खुर्ची बोलती त्याची. उतरला खाली की गप व्हईल."
"तुमच्या बोर्डावर चहाची किटली ठेवतात." (सांगायला नको होतं.)
"भिजू देऊ नका म्हणावं. सागवानी हाय त्यो."
भाभी आतून ओरडल्या, "ह्यांना राग येत न्हाई, ह्यांच्या वाटचा पण मलाच येतो!"
भाभी, थोडा माझ्याकडे द्या. माझ्याकडे जागा आहे.

२४ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरचं उद्घाटन. नारळ, हार, मॉनिटरला हळदकुंकू. मालकांनी कुठलंही ड्रॉइंग उघडलं तरी नाव इ.सा.चं. मालक थक्क. "इनामदार, एवढं सगळं तुम्ही एकट्यानं?" हा मान खाली घालून हसला. मान खाली घालताना सुद्धा खोटं बोलता येतं हे आज बघितलं.
टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच.

१२ मार्च
आज दिसलं.
सॉफ्टवेअरचा एक हट्ट आहे. काढणारा आणि तपासणारा एकच माणूस चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावाने आत शिरून, बघून, मंजूर करायचं, तरच ड्रॉइंग सुटतं. यावरून इ.सा. टायवाल्यांवर ओरडला होता, "माझं काम तपासणार कोण?" मग एकाएकी गप्प झाला. मला वाटलं, कुणालातरी बसवलं असेल चेकर म्हणून.
सकाळी नव्या नोंदी चाळत होते. काढणारा, इ.सा. तपासणारा, आर. शेख. पुढचं उघडलं. आर. शेख. त्याच्या पुढचं. आर. शेख. तारखा फेब्रुवारीच्या, मार्चच्या. त्या तारखांना रफीकभाई दौंडला पेट्या लावत होते!
टायवाल्यांनी हजेरीपटावरून सगळ्यांची नावं आत घातली होती. सुरुवातीला पासवर्ड सगळ्यांचा एकच, ज्याने त्याने बदला म्हणून सांगितलेलं. रफीकभाईंना कोण सांगणार? आणि इ.सा. त्यांच्या नावाने आत शिरून स्वतःचंच काम पास करतोय.
बेफिकीर म्हणून ज्याला हाकलला, रोज त्याचीच सही मारतोय. लाज नावाची गोष्ट नाही.
डबा तसाच परत आणला. आईने विचारलं, ताप आहे का. म्हटलं, आहे.

१३ मार्च
गुरुवार. आठवड्याची सुट्टी. धुणं आपटत विचार केला.
मालकांना सांगावं? दाखवणार काय? पडद्यावर तर शेखनेच तपासलंय. उलट उद्या काही फुटलं तर इ.सा. बोट दाखवून मोकळा. खोडता येत नाही म्हणून मी खूश झाले होते, आता तेच रफीकभाईंच्या गळ्यात. एकदा स्टोअर झालं, पुढच्या वेळी थेट घर.
पासवर्ड बदलला तर? अ‍ॅडमिन मी आहे. बदलायचा आणि ज्याचं नाव त्याच्या हातात द्यायचा. दौंडच्या स्टोअरमधे कंप्युटर आहे, साठा बघायला फोनच्या लाईनवरून जोडलेला, त्यावर हे उघडतं. मग इ.सा.ला स्वतःचं ड्रॉइंग सोडवायला खऱ्या शेखच्या पाया पडावं लागेल.
आईचा परकर फाटला आपटून आपटून. ओरडली. ओरडू दे.

२४ मार्च
दौंडला जाऊन आले. 'स्टोअरच्या कर्मचाऱ्यांना सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण' असा अर्ज टाकला. सही इ.सा.नेच केली, न वाचता.
न्हावऱ्याच्या रस्त्याने एसटी. ऊन, धूळ, शेजारी एका आप्पांचं कलिंगडांचं पोतं, निम्मं माझ्या मांडीवर. स्टोअर म्हणजे पत्र्याची शेड. रफीकभाईंनी एक खोकं फडक्याने पुसून बसायला दिलं.
उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. आपलं नाव वाचलं, परत वाचलं.
"ही सही माझी?"
"तुमच्या नावाची."
"मला इचारलं पण न्हाई त्यानं."
एवढंच. शिवी नाही, आवाज चढवला नाही. मग म्हणाले, दाव सगळी. एकेक उघडून मापं पुटपुटत बघत बसले. मी वाट बघत होते, आता एखादी दणकून चूक निघेल आणि आपलं काम होईल. शेवटी चष्मा काढून पुसला. "बरी हायेत. पोराचा हात चांगला हाय. वागणं वंगाळ."
इ.सा.ला पोरगा म्हणाले. तेवढ्यावर समाधान मानलं.
नवा पासवर्ड टाकताना मला तोंड फिरवायला लावलं. "नाव माझं तर चावी पण माझी. तुला पण न्हाई सांगायचा." बरोबर आहे. तरी लागलं. एवढं ऊन खात आले ती कुणासाठी?

४ एप्रिल
पाडवा झाला. आता खरी गंमत.
छोट्या ट्रॅक्टरचा नवा गिअरबॉक्स. गिऱ्हाईक पंधरा तारखेला दौंडला येणार, पहिलं ओतकाम डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार. काम मिळालं तर दौंडला दुसरी भट्टी लागेल. भट्टीवरची माणसं आत्तापासून गावाकडच्या पोरांसाठी शब्द टाकतायत. मालक दिवसाआड येऊन विचारतात, झालं का. ड्रॉइंग इ.सा.ने स्वतः काढलंय आणि, चिडून लिहिते, चांगलं काढलंय. त्यातच गुंतल्याने मी दौंडहून आल्यापासून दुसरं काही सोडलेलं नाही, म्हणून पासवर्ड बदललाय हे त्याला अजून कळलेलं नाही.
तपासणारा म्हणून त्याने सवयीने आर. शेख निवडला. एकदा निवडला की त्या ड्रॉइंगपुरता बदलत नाही.
आणि दोन्ही प्लँटच्या दारावर नोटीस आहे, सॉफ्टवेअरमधून सुटल्याशिवाय एकही कास्टिंग ओतू नये. खाली सही इ.सा.ची. मालकांपुढे मिरवायला स्वतःच लावलीये. मी येता-जाता थांबून वाचते. अक्षर सुरेख आहे.

७ एप्रिल
झालं!
इ.सा. शेख बनून आत शिरायला गेला आणि दार बंद. केबिनमधून कीबोर्ड बडवल्याचा आवाज. मग शांतता. मग परत बडवणं. शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन वाकला. हळू आवाजात,
"शेखचा पासवर्ड चालत नाहीये."
"कुठले शेख, साहेब?"
"आपले... दौंडचे."
"मग त्यांचा पासवर्ड त्यांनाच माहीत असणार ना. फोन लावून देऊ?"
कान लाल. मानेपर्यंत लाल. मी ड्रॉवरमधे काहीतरी शोधायला लागले, नाहीतर तिथेच फुटले असते.
रात्री आमटी दोनदा घेतली. आई खूश.

८ एप्रिल
शेवटी केला फोन. मीच लावून दिला. केबिनचं दार उघडं राहिलं. (मीच ठेवलं.)
"हां शेख, काय म्हणताय, बरं आहे ना? ... एक बटण दाबायचंय फक्त. ... अहो बघायचं काय त्यात, मी बघितलंय. ... नाही, तसं नाही. ... बरं. बघा. पण लवकर."
रफीकभाईंनी काय म्हटलं असेल ते न ऐकता कळलं. बघून दाबतो.
जानेवारीपासून पहिल्यांदा इ.सा.ने 'बरं' म्हटलं त्यांना.

९ एप्रिल
दुपारी रफीकभाईंचा फोन, एसटीडीवरून, मागे रेल्वेचा आवाज.
"तेलाचं बूच फ्रेमच्या आड येत व्हतं, ते कळवलं. साहेबानं नीट करून धाडलं. आता खोट न्हाई. सही करू ना?"
मी जवळजवळ किंचाळले. नाही! आत्ता कुठे हातात आलाय. पंधराला गिऱ्हाईक येऊ दे, भट्टी थंड बघू दे. मालक विचारतील का, तेव्हा सगळ्यांसमोर सांगा, हा माणूस तुमच्या नावाने सह्या करत होता.
"आन् भट्टीवरच्या माणसांनी काय घोडं मारलंय?"
"तुम्हाला काढलं तेव्हा आली होती का ती माणसं बोलायला?"
"तू तरी कुठं बोललीस?"
हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. म्हणूनच जास्त झोंबलं. तुम्हीच बसवलंत ना मला खाली!
मग हळूच, "वैशाली, मला बदला नगं. माझी जागा पायजे. दिवसभर उभं राहून पाय सुजत्यात."
मग मागा ना जागा. सही करायच्या आधी मागा, आत्ताच तर दर आहे तुम्हाला.
"मागून घेतलेली जागा काय कामाची. बोलावलं तर येईन."
फोन आपटला मी. त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा.
ठीक आहे. तुम्हाला नको ना बदला. मला पाहिजे. मला पाहिजे.

११ एप्रिल
इ.सा. सकाळीच आला. हातात माझी ऑर्डर. पर्मनंटची. टाईप केलेली, कु. वैशाली गायकवाड, सगळं व्यवस्थित, फक्त त्याची सही राहिलेली. टेबलावर ठेवून माझ्याकडे फिरवली, मला नीट वाचता यावी म्हणून.
"तो माणूस दोन दिवस बसून आहे ड्रॉइंगवर. मी किती नादाला लागायचं त्याच्या? तुम्ही अ‍ॅडमिन आहात. त्याचा पासवर्ड बदलून मला द्या."
म्हणजे रफीकभाईंनी सही केली नव्हती. माझ्या फोन आपटण्यामुळे थांबले होते. माझ्यासाठी.
"देते साहेब. लेखी द्या."
"काय लेखी?"
"हेच. शेख यांचा पासवर्ड बदलून तुम्हाला द्यावा. मी पडले ट्रेनी, उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?"
त्याने खरंच पेन काढलं. तारीख घातली, माझं नाव लिहिलं. मग थांबला. पेन कागदाला टेकवून तसाच. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग कागद चुरगळून खिशात घातला आणि माझी ऑर्डरही उचलून नेली.
आईने विहारातल्या बायकांना सांगून ठेवलंय, जयंतीला वैशालीच्या नोकरीचे पेढे. काय सांगू तिला?
तरी, तो कागद चुरगळल्याचा आवाज! अजून कानात आहे. आवडतोय.

१२ एप्रिल, सकाळी, ऑफिसात
काल संध्याकाळी रफीकभाई घरी आले होते. आई चहा टाकायला आत गेली तसं बोलले. दुपारी इ.सा. स्वतः गाडी घेऊन दौंडला गेला. स्टोअरमधे, खोक्यावर बसला. त्यांच्या हातचा चहा प्यायला.
"माफी मागितली?"
"न्हाई."
"तुमच्या नावाने सह्या मारल्या त्याबद्दल?"
"ते काढलंच न्हाई त्यानं."
"जागेचं?"
"म्हणला, बघू."
इ.सा.चं 'बघू' मला पाठ आहे. मी त्याच 'बघू'वर दोन वर्षं ट्रेनी आहे.
"सकाळी शिफ्ट चालू झाली की सही करतो. तुझं मन मोडून करतोय, म्हणून सांगाय आलो. माणूस दारात आला, वैशाली."
दारात आला! दारात आला की सगळं माफ? चहा न पिता गेले. माझ्या तोंडाकडे बघूनच गेले असतील.
झोप लागली नाही. पहिल्या गाडीने आलेय. झाडणाऱ्या मावशींशिवाय कुणी नाही. नावांची यादी उघडलीये. आर. शेख. नावापुढे दोनच पर्याय, चालू आणि बंद. बंद केलं की दौंडहून ते आत येऊ शकत नाहीत. मी आज-उद्या पोटात दुखतंय म्हणून घरी. परवा जयंतीची सुट्टी, तेरवा गिऱ्हाईक. भट्टी थंड. इ.सा. मालकांपुढे उभा. रफीकभाईंना सांगायचं, लाईन खराब होती.
नोंद मात्र होईल. बंद केलं, व्ही. गायकवाड. ती खोडता येणार नाही. होऊ दे.
त्यांना एकदा विचारावं का? विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून विचारत नाहीये.
इ.सा.नेही विचारलं नव्हतं.
नाही, पण तो स्वतःसाठी करत होता. मी त्यांच्यासाठी. फरक आहे. पाय त्यांचे सुजतात, मी त्यांच्या बाजूची आहे. फरक आहेच.
भोंगा झाला. दौंडची लाईन जोडली जातेय. मावशी म्हणतायत, पाय वर घे गं, झाडू दे. घेतले. यादीत त्यांचं नाव लुकलुकायला लागलं, म्हणजे चष्मा लावून, एका बोटाने, पासवर्ड टाकत असतील. उजव्या हाताने हे लिहितेय. डावा माऊसवर आहे.